साडेतीन सीसीचा छंद

(स्नेहमेळाव्यात ‘माझा छंद’ या सत्रात केलेलं भाषण)



माझ्या आधी बोललेल्यांनी गाणं, ट्रेकिंग आणि बागकाम सांगितलं. त्यानंतर उठून ‘मी रिमोटची गाडी चालवते’ असं सांगायला थोडा संकोच वाटतो. पण मागच्या भेटीला मी गाडी सोबत आणली होती, तेव्हापासून तुमच्यापैकी पाच-सहा जणांनी मला दोन प्रश्न विचारलेत. एक, आम्ही घ्यायची तर कोणती घ्यावी? दोन, घेतल्यावर तिच्यात काय काय बदलावं? तिसरा प्रश्न संयोजकांचा आहे. शाळेच्या विज्ञान मंडळासाठी आपण जो निधी जमवलाय, त्यातून अशी एक गाडी मुलांना द्यावी अशी सूचना आली आहे आणि दुपारच्या बैठकीत त्यावर निर्णय व्हायचा आहे. तेव्हा ही पंधरा मिनिटं या तीन प्रश्नांसाठी.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. नायट्रो बग्गी म्हणजे खऱ्या इंजिनावर, खऱ्या इंधनावर चालणारी, दगडमातीत पळणारी छोटी गाडी. माझी आहे ती एक-अष्टमांश मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाची. लांबी साधारण दीड फूट, वजन सव्वातीन किलोच्या आसपास. चारही चाकांना ताकद जाते, तीन डिफरन्शियल असतात, तेलाचे चार शॉकॲब्सॉर्बर असतात आणि डिस्क ब्रेक असतो. इंजिन आहे साडेतीन सीसीचं, टू-स्ट्रोक.

टू-स्ट्रोक म्हटल्यावर आपल्या पिढीला वेगळं समजवायला नको. आपल्या प्रत्येकाच्या घरी किंवा शेजारी एक चेतक नाहीतर लुना होतीच. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घेणं, सकाळी स्कूटर तिरकी करून मग किक मारणं, मागून निघणारा तो निळसर धूर, हे सगळं आपण पाहिलंय. चेतकचं इंजिन साधारण १४५ सीसीचं होतं आणि ते मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घ्यायचं. या साडेतीन सीसीच्या इंजिनाचे फेरे तीस हजारांच्या पुढे जातात. आवाज चेतकचा नाही, चिडलेल्या गांधीलमाशीचा येतो.

याच्यात स्पार्क प्लग नसतो. त्याच्या जागी ग्लो प्लग असतो, म्हणजे प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेचं एक बारीक वेटोळं. सुरू करताना दीड व्होल्टच्या छोट्या सेलने ते लाल करायचं. इंजिन सुरू झालं की सेल काढून घ्यायचा. त्यानंतर दाबाची उष्णता आणि प्लॅटिनमवर मिथेनॉलची होणारी रासायनिक क्रिया, एवढ्यावर ते वेटोळं स्वतःच लाल राहतं. रसायनशास्त्राच्या तासाला आपण उत्प्रेरकाची व्याख्या पाठ केली होती, ती इथे डोळ्यांनी दिसते.

इंधनात तीन गोष्टी असतात : मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. नायट्रोमिथेन साधारण १६ ते ३० टक्के, तेल दहा टक्क्यांच्या आसपास, बाकी मिथेनॉल. आता गंमत बघा. एक किलो नायट्रोमिथेन जाळलं तर पेट्रोलच्या जेमतेम पावपट ऊर्जा मिळते. मग ते घालायचं कशाला? कारण एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा किलो, आणि नायट्रोमिथेनला दोन किलोसुद्धा लागत नाही. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. इंजिनाच्या पोटात हवा ठरावीकच मावते. तेवढ्याच हवेत नायट्रोमिथेन कितीतरी जास्त जाळता येतं आणि हिशेब केला तर दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते. म्हणून ‘नायट्रो’.

आता पहिला प्रश्न : कोणती घ्यावी?

त्याच्याही आधी एक खरं बोलते. आजच्या काळात बॅटरीवरची गाडी वेगात कमी नाही, आवाज नाही, धूर नाही, आणि दहा मिनिटांत मैदानावर उतरते. फक्त पळवायची असेल तर बॅटरीवरचीच घ्या. नायट्रो त्याने घ्यावी ज्याला यंत्राशी बोलायचंय. माझं दिवसभराचं काम संगणकावरचं. तिथे काही बिघडलं की प्रोग्रॅम स्वतःहून नोंद लिहून ठेवतो, कितव्या ओळीत काय झालं ते. हे इंजिन काही लिहून देत नाही. धुराची रेघ किती जाड आहे, आवाज कुठे बदलला, हेडचं तापमान किती, यावरूनच ओळखायचं. मला हे आवडतं. ज्याला ही कटकट वाटेल त्याने या वाटेला जाऊ नये, त्यात कमीपणा काही नाही.

नायट्रो घ्यायचं ठरलं, तर माझा पहिला निकष वेगाचा नाही, सुट्या भागांचा आहे. या गाड्या मोडतात. उडी चुकली, झाडाला लागली, की सस्पेन्शनची आर्म जाते, शॉकॲब्सॉर्बरचा दांडा वाकतो, एखादा गिअर झिजतो. जपानच्या क्योशोची इन्फर्नो, मुगेनची एमबीएक्स, अमेरिकेच्या टीम असोसिएटेडची आरसी८, स्लोव्हाकियाच्या एक्सरेच्या गाड्या, या जगभर शर्यतीत धावणाऱ्या आहेत आणि त्यांचे भाग क्रमांकानिशी मिळतात. बिननावाची गाडी स्वस्तात मिळेल, पण तिचा एक गिअर मिळाला नाही की ती कपाटावर शोभेला. विकत घेण्याआधी विक्रेत्याला पुढची आर्म, सेंटर डिफरन्शियलचा मोठा गिअर, क्लच शू आणि ग्लो प्लग, एवढ्या चार वस्तूंचा भाव आणि किती दिवसांत मिळतील ते विचारा. उत्तर लगेच आलं तर गाडीकडे बघा.

दुसरा निकष मापाचा. एक-दशमांश गाडी लहान आणि स्वस्त असते, पण आपल्याकडच्या मुरमात आणि ढेकळांत ती अडखळते. एक-अष्टमांश गाडीची चाकं मोठी, चॅसिस जाड ॲल्युमिनियमचं, आणि जवळजवळ सगळी शर्यतीची दुनिया याच मापाभोवती असल्यामुळे भागही भरपूर. मोकळं मैदान असेल तर हेच माप घ्या.

तिसरं, तयार गाडी की किट? तयार गाडीत इंजिन, रेडिओ, सर्व्हो सगळं बसवलेलं येतं आणि दोरी ओढून इंजिन सुरू होतं. किटमध्ये शेकडो तुकडे आणि एक पुस्तिका येते. इंजिन, पाइप, रेडिओ वेगळं घ्यावं लागतं आणि सुरू करायला स्टार्टर बॉक्स लागतो. नवख्याने तयार गाडी घ्यावी, पण पहिल्याच रविवारी ती पूर्ण उघडून पुन्हा जोडावी. धातूत जाणारा प्रत्येक स्क्रू काढून, त्याला थ्रेडलॉक लावून परत बसवावा. या इंजिनाच्या कंपनांपुढे नुसता आवळलेला स्क्रू टिकत नाही. शिवाय मैदानावर काही मोडलं की ते कसं उघडतं हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं.

जुनी गाडी मिळत असेल तर इंजिन थंड असताना फ्लायव्हील बोटाने फिरवून बघा. या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. पितळेच्या, आतून क्रोम चढवलेल्या स्लीव्हमध्ये ॲल्युमिनियमचा पिस्टन असतो आणि स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. चांगल्या इंजिनात पिस्टन वर पोचताना स्पष्ट अडकतो. सरळ सटकन फिरला तर ते इंजिन संपत आलंय, किंमत त्याप्रमाणे बोला. इंजिन तापलं की पितळ पसरतं आणि ही पकड बरोबर हवी तेवढी उरते. म्हणून नवीन इंजिनही थंड चालवत नाहीत. आधी हेअर ड्रायरने गरम करायचं, मिश्रण इंधनाने थोडं जास्त ठेवायचं, तापमान नव्वद अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, आणि पाच-सहा टाक्या अशा हळूहळू चालवायच्या. प्रत्येक टाकीनंतर पिस्टन खालच्या टोकाला आणून मगच इंजिन थंड होऊ द्यायचं. नव्या स्कूटरचं रनिंग-इन आठवतं ना, तेच हे.

चौथी गोष्ट इंधनाची. ते ज्वलनशील आहे, विमानाच्या सामानात नेता येत नाही, साध्या कुरिअरने येत नाही. तुमच्या गावापर्यंत ते नियमित कसं पोचणार, हे गाडीच्या आधी ठरवा. १२५ सीसीची टाकी आठ-दहा मिनिटांत संपते. रविवारच्या एका सकाळी लिटरभर सहज जातं.

आता दुसरा प्रश्न : काय बदलायचं?

इथे बहुतेक जण थेट इंजिन आणि पाइपकडे जातात. मी यादी उलटी करते. आधी गाडी हमखास थांबली पाहिजे, मग नीट वळली पाहिजे, मग टिकली पाहिजे, आणि सगळ्यात शेवटी वेग.

थांबण्याचं का, ते सांगते. आम्ही जातो त्या मैदानावर एकदा एका ओळखीच्या गृहस्थांच्या गाडीतली रिसीव्हरची बॅटरी भर वेगात संपली. ॲक्सिलरेटर जिथे होता तिथेच राहिला. ट्रान्समीटर हातात, पण गाडी ऐकेना. पलीकडच्या बाजूला क्रिकेट खेळणारी मुलं होती. गाडी त्यांच्यापासून काही फुटांवरून जाऊन कुंपणाच्या दगडी भिंतीवर आपटली. पुढचा भाग चुरा झाला, माणसाला काही झालं नाही. सव्वातीन किलो वजन साठ किलोमीटरच्या वेगाने पोराच्या नडगीवर बसलं तर काय होईल, हा विचार तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात आला. त्या दिवशी पुन्हा कोणी गाडी सुरू केली नाही.

म्हणून पहिला बदल तीन भागांचा आहे. एक, रिसीव्हरचं फेलसेफ. सिग्नल तुटला तर सर्व्होने स्वतःहून ब्रेकवर जावं अशी सोय रेडिओत असते, ती प्रत्यक्ष लावून घ्यायची. दोन, सुट्या सेलच्या डबीऐवजी चांगली रिचार्जेबल बॅटरी. तीन, कार्ब्युरेटरच्या दांड्याला परतीची स्प्रिंग. हे तिसरं लोक विसरतात. बॅटरीच मेली तर फेलसेफला काम करायला वीज कुठून येणार? तिथे फक्त स्प्रिंग उपयोगी पडते. स्प्रिंगची किंमत चहा-वड्याएवढी. दर रविवारी गाडी सुरू करण्याआधी इंजिन बंद ठेवून ट्रान्समीटर बंद करायचा आणि सर्व्हो ब्रेकवर जातो का बघायचं. मग दांडा सर्व्होपासून सोडवून स्प्रिंग कार्ब्युरेटर पूर्ण मिटवते का तेही बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरा बदल एअर फिल्टरचा. आपली धूळ बेसॉल्टची, बारीक आणि कडक. ती एकदा इंजिनात गेली की पिस्टन आणि स्लीव्ह कानशीने घासल्यासारखे झिजतात. दुहेरी स्पंजचा फिल्टर, त्याला फिल्टरचं तेल, आणि मैदानावर जाताना दोन-तीन तयार फिल्टर सोबत. इंजिनाचं आयुष्य वाढवणारी याहून स्वस्त वस्तू मला माहीत नाही.

तिसरा, स्टिअरिंगचा सर्व्हो. तयार गाड्यांत बहुतेक वेळा इथे पैसे वाचवलेले असतात. खडबडीत जमिनीवर पुढची चाकं दाबून धरायला ताकद लागते. वीस किलो-सेंटिमीटरच्या आसपासचा, धातूच्या गिअरचा सर्व्हो बसवला की तीच गाडी वेगळी वाटते. मात्र ताकदवान सर्व्हो वीजही जास्त खातो, म्हणून बॅटरी आधी बदलायची. क्रमाला कारण आहे.

चौथं, टायर. टणक जमिनीवर बारीक, दाट काट्यांचं टायर, भुसभुशीत मातीत मोठ्या ठोकळ्यांचं. मऊ रबर पकडतं चांगलं, पण मुरमावर भराभर झिजतं.

पाचवं, तेलं. डिफरन्शियलमध्ये सिलिकॉन तेल असतं. पुढे ५०००, मध्ये ५०००, मागे ३०००, अशा आकड्यांपासून सुरुवात करतात. मधलं तेल फार पातळ असेल तर जोरात निघताना हलकी झालेली पुढची चाकं नुसती फिरत बसतात. जाड केलं की ताकद मागेही जाते. इथे माझ्या व्यवसायातला एक नियम पाळते : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं ते वहीत लिहायचं. टायर, तेल आणि स्प्रिंग एकाच दिवशी बदलले, तर गाडी सुधारली कशामुळे हे कधीच कळणार नाही.

आणि एक सल्ला, रंगीत ॲल्युमिनियमच्या सुट्या भागांबद्दल. दिसतात सुंदर, पण सस्पेन्शनची आर्म प्लॅस्टिकची असते ती वाकावी, नाहीच जमलं तर मोडावी म्हणून. तिथे धातू बसवला की तो धक्का चॅसिसपर्यंत जातो, आणि चॅसिस महाग असतं. मोडायचंच असेल तर स्वस्त भाग मोडू दे.

यानंतर इंजिन, पाइप वगैरे. पण त्याआधी असलेलं इंजिन नीट लावता आलं पाहिजे. कार्ब्युरेटरवर मुख्य दोन सुया असतात, एक जास्त वेगाची, एक कमी वेगाची. उजवीकडे फिरवली की इंधन कमी, डावीकडे फिरवली की जास्त. एका वेळी घड्याळातल्या एका तासाएवढंच फिरवायचं. इंधन कमी केलं की गाडी थोडा वेळ फार छान पळते. पण याचं वंगण इंधनातच असतं, त्यामुळे इंधन कमी म्हणजे तेलही कमी. तापमान चढतं आणि पकड जाते. हेडवर साधारण १०० ते १२० अंश असावेत आणि भर वेगात मागे धुराची बारीक रेघ दिसत राहावी. मे महिन्यातल्या दुपारी लावलेली सुई डिसेंबरच्या सकाळी तशीच वापरू नका. थंड हवा दाट असते, तिला इंधन जास्त लागतं. दिवस संपला की टाकी रिकामी करून उरलेलं इंधन जाळून टाकायचं आणि इंजिनात तेलाचे चार थेंब सोडायचे. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि बेअरिंग गंजतात.

आता शाळेचा प्रश्न.

माझा छंद असूनही मी सांगते की विज्ञान मंडळाला नायट्रो गाडी देऊ नये. मिथेनॉल विषारी आहे. पोटात गेलं तर डोळे आणि जीव दोन्ही जाऊ शकतात, आणि ते कातडीतूनही शरीरात शिरतं. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, म्हणजे आग लागली हे हात भाजल्यावर कळतं. आपल्या शाळेचं मैदान तीन बाजूंनी घरांनी वेढलेलं आहे. आणि इंधनाच्या कपाटाची किल्ली शिक्षकांकडे राहणार, म्हणजे एक जबाबदारी त्यांच्या डोक्यावर कायमची. आपण देणगी देऊन घरी जाऊ, सांभाळणार ते.

त्याऐवजी माझा प्रस्ताव असा. त्याच पैशांत बॅटरीवरच्या दोन बग्ग्या, त्याही किटच्या रूपात, मुलांनी स्वतः जोडायच्या. सोबत वर्षभराचे सुटे भाग, चांगले पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर, आणि बॅटरी चार्ज करताना ठेवायची आगरोधक पिशवी. डिफरन्शियल, शॉकॲब्सॉर्बर, गिअरचं गुणोत्तर, सर्व्हो, फेलसेफ हे सगळं त्यातही शिकता येतं. मोटर सोडली तर गाडी तीच आहे. दोन गाड्या अशासाठी, की एक मोडली तर दुसरीवरून बघून ती दुरुस्त करता येते.

आणि नायट्रोचं इंजिन मुलांनी बघायलाच हवं असं मला वाटतं, म्हणून ते माझ्याकडून. माझं पहिलं इंजिन भरपूर टाक्या चालून आता झिजलंय. ते मी स्वच्छ धुऊन, एका बाजूने कापून आणलं आहे. आतला पिस्टन, पितळेची स्लीव्ह, तिची दारं, सगळं उघडं दिसतं. फ्लायव्हील हाताने फिरवलं की टू-स्ट्रोकची दोन्ही आवर्तनं समोर घडतात. फळ्यावर त्याची आकृती काढताना सरांना किती खडू लागायचे, ते आपल्याला आठवतं. हे प्रयोगशाळेत टेबलावर ठेवता येईल, आणि ते चालवायला इंधनाचा थेंबही लागणार नाही.

ज्यांना स्वतःसाठी नायट्रो घ्यायची आहे, त्यांनी जेवणानंतर मला गाठा. गाडी खाली पार्किंगमध्ये आहे, सुरू करणार नाही, पण उघडून दाखवीन. येताना चष्मा आणा. आपल्या वयात ते स्क्रू त्याशिवाय दिसत नाहीत.